किराण्याच्या बिलासोबत तेल-साखरेचा हिशेब : प्रकल्प नोंदी

साताऱ्यातल्या कर्मचाऱ्यांच्या एका सहकारी ग्राहक भांडारात हे काम चाललं. महिन्याच्या किराण्याबरोबर सभासदाला एक चिठ्ठी द्यायची : घरात माणशी किती तेल, साखर, मीठ आलं आणि या खरेदीचा पर्यावरणावर काय भार पडला. दुसऱ्या कुणा भांडाराला असंच काही करायचं असेल तर आमचा वेळ जिथे गेला तिथे त्यांचा जाऊ नये, एवढ्यासाठी या नोंदी.

९ जून २०२४

जमेची बाजू एकच, पण मोठी. इथे प्रत्येक बिलावर सभासद क्रमांक पडतो. वर्षअखेर खरेदीवर रिबेट मिळतो, त्यामुळे क्रमांक सांगायला कुणी विसरत नाही. मॉलवाले पॉइंटांची लालूच दाखवून जी माहिती गोळा करतात, ती सहकारात आपसूक जमा होते. फिनलंडमधला एस-समूह हाही सहकारीच; तो सभासदांना त्यांच्या खरेदीचा कार्बनचा हिशेब अ‍ॅपमध्ये दाखवतो. कल्पना तिथून उचलली. अ‍ॅप काढायची ऐपत नाही, म्हणून चिठ्ठी.

बिलिंगचा प्रोग्राम जुना आहे. त्यातून एक्सेल फाइल निघते, बाकी काही नाही. तेवढं पुरे.

पहिला बेत असा : प्रत्येक मालाला पाचपैकी तारे द्यायचे आणि बिलाखाली सरासरी छापायची.

२३ जून २०२४

मालाची यादी उघडली आणि बेत जागच्या जागी थांबला. साखरच घ्या. ‘साखर एस-३०’, ‘साखर एम’, ‘शुगर सुटी’, ‘साखर १ किलो पॅक’, ‘साखर दिवाळी स्कीम’ : पाच नावं, पाच कोड. दिवाळी स्कीमच्या कोडवर जूनमध्येही बिलं फाडलेली. काउंटरवरच्या ताईंना विचारलं तर म्हणाल्या, “तो कोड पाठ आहे ओ, पटकन मारता येतो.”

पॅकबंद मालावर तेरा आकडी बारकोड असतो, आपल्याकडे नोंदवलेला असेल तर ८९० ने सुरू होतो. सुट्या मालाचं काय? डाळी, तांदूळ, गूळ, शेंगदाणे, पोहे, रवा भांडारात पोत्यातून काढून पिशव्या भरतात आणि त्यावर २ ने सुरू होणारा घरचा कोड लावतात. त्याचा अर्थ या भांडाराबाहेर कुणाला कळत नाही. ओपन फूड फॅक्ट्स नावाची खुली माहिती आहे, बारकोड दिला की पोषणमूल्यं मिळतात; पण आमच्या फळीवरचा फारच थोडा माल त्यात सापडला. शेवटी प्रत्येक मालापुढे हाताने ‘गट’ लिहायला घेतला : तेल, साखर-गूळ, मीठ, तांदूळ, गहू-ज्वारी-बाजरी, डाळ-कडधान्य, बिस्किट-फरसाण वगैरे.

यादी अक्षरानुक्रमे भरायला बसू नका. आधी विक्रीच्या रकमेप्रमाणे लावा. वरचे तीनशे माल भरले की बहुतेक विक्री पदरात पडते. उरलेल्यात अगरबत्ती, घासण्या आणि वर्षात दोनदा खपणारे मसाले असतात.

सुट्या मालाची पोषणमूल्यं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या तक्त्यांतून घेतली. ५२८ खाद्यपदार्थ आहेत, आपल्या स्वयंपाकघरातलं जवळजवळ सगळं मिळतं. पॅकबंद मालाचे लेबल मोबाइलवर टिपून आकडे भरायला कॉलेजची दोन मुलं लावली. त्यांचे सहा हजार झाले. अख्ख्या प्रकल्पात एवढा वसूल झालेला दुसरा खर्च नाही.

७ जुलै २०२४

ताऱ्यांचं गणित चालवून पाहिलं. दर शंभर ग्रॅममागे साखर, स्निग्धांश, सोडियम यांचे उणे गुण. प्रथिनं, चोथा यांचे अधिक. निकाल : शेंगदाणा तेल एक तारा, तूप एक तारा, गूळ एक तारा, आंब्याचं लोणचं एक तारा. आणि ‘डायजेस्टिव्ह’ म्हणून विकली जाणारी बिस्किटं साडेतीन. व्यवस्थापकांनी कागद पाहिला, चष्मा काढला, म्हणाले, “म्हणजे मी तूप बंद करून बिस्किटं खायची का?”

गोम अशी आहे. शंभर ग्रॅमच्या हिशेबाने गुण दिले की दोन बिस्किटांत डावंउजवं करता येतं. फ्रान्सने २०१७ मध्ये पाकिटांसाठी आणलेली गुणश्रेणी, न्यूट्रि-स्कोअर, त्याच कामाची. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०२२ च्या मसुद्यात पाकिटावर तारे सुचवले होते. पण आमच्या सभासदाच्या पिशवीत पाकिटं थोडी आणि कच्चा माल जास्त. तेल म्हटलं की ते सगळं तेलच; त्याला गुण देऊन हाती काय लागणार? घरात ते किती येतं, हा खरा प्रश्न. तारे काढून टाकले.

आता माणशी, महिन्याला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मे २०२४ च्या आहारसूत्रांत दोन हजार कॅलरींच्या ताटाला रोज २७ ग्रॅम तेल-तूप आहे, साखर २५ ग्रॅमच्या आत, मीठ ५ ग्रॅम. महिन्याचं केलं तर माणशी तेल साधारण ८०० ग्रॅम, साखर पाऊण किलो, मीठ दीडशे ग्रॅम. चौघांच्या घराला तेल सव्वातीन किलो, साखर तीन किलो, मीठ ६०० ग्रॅम. हे आकडे कुठल्याही गृहिणीला न समजावता कळतात, कारण ती यादी याच मापात करते.

तेलात एक फसवी जागा सापडली. सगळे म्हणतात ‘एक लिटरची पिशवी’. लिटरभर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. पण फळीवर शेजारी शेजारी, उंचीला सारख्या दिसणाऱ्या पिशव्यांवर बारीक अक्षरात ८५० ग्रॅम, ८०० ग्रॅम, एकीवर ७५० ग्रॅम. ठरावीक मापातच पिशव्या भरायचं बंधन गेल्यापासून कंपन्या हवं तेवढं भरतात. यादीत मात्र सगळ्यांपुढे ‘१ लि.’. सगळ्या पिशव्या हातात घेऊन निव्वळ वजन वाचलं आणि दुरुस्त केलं. भाव वाढवायचा नसला की पिशवी हलकी होते, त्यामुळे हे काम दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावं लागतं.

२१ जुलै २०२४

माणशी हिशेब म्हणजे घरात माणसं किती ते हवं. छोटा फॉर्म काढला : मोठी माणसं, दहा वर्षांखालची मुलं, ‘माझ्या खरेदीचा हिशेब काढायला हरकत नाही’ आणि सही. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानंतर सही घेतलेली बरी, आणि कायदा नसता तरी घ्यायलाच हवी होती. कुणाच्या घरात काय शिजतं ही काही चव्हाट्यावर आणायची गोष्ट नाही.

पहिल्या आठवड्यात फॉर्म येईनात. चौकशी केल्यावर कळलं, लोकांना वाटलं रेशनकार्डाची तपासणी आहे; माणसं जास्त सांगावीत की कमी, याची घराघरांत चर्चा. फॉर्मच्या डोक्यावरचं ‘कुटुंबाची माहिती’ काढून ‘ताटं किती?’ असं लिहिलं. मग आले. मुलाचं अर्धं ताट धरलं. शास्त्रशुद्ध नाही, पण तक्रार एकही नाही.

४ ऑगस्ट २०२४

छपाई. या नोंदीसाठी बरेच जण इथवर वाचत आले असतील.

काउंटरवर तीन इंची थर्मल प्रिंटर आहे. त्याला मराठी येत नाही. मजकूर पाठवला की प्रश्नचिन्हांची रांग बाहेर येते. विक्रेत्याने ‘मराठी सपोर्ट’वाला दुसरा प्रिंटर सुचवला, तो साडेनऊ हजारांचा. घेऊ नका. प्रिंटरला अक्षरं पाठवायचीच नाहीत. चिठ्ठीचं चित्र करायचं आणि चित्र छापायचं. तीन इंची प्रिंटरला चित्राची रुंदी ५७६ ठिपके लागते, दोन इंचीला ३८४.

चित्र पायथन या संगणकभाषेतल्या, चित्रं करणाऱ्या पिलो लायब्ररीने केलं आणि पहिली चिठ्ठी आली ती अशी की ‘किलो’ची वेलांटी क च्या पुढे जाऊन बसलेली, ‘खर्च’मधला रफार सुटून र् वेगळा, ‘डाळ’ तेवढी ठीक. देवनागरीची जुळणी करणारा राक्म नावाचा भाग पिलोसोबत येतो, पण विंडोजवर त्याला फ्रिबिडी नावाच्या आणखी एका लायब्ररीची फाइल (डीएलएल) वेगळी टाकावी लागते. ती नसेल तर पिलो कुरकुर न करता अक्षरं नुसती ओळीने मांडतो, चूक झाल्याचा संदेशही देत नाही. त्यामुळे आम्ही फॉन्ट बदलत बसलो, आणि दोष फॉन्टचा नव्हताच. फाइल टाकली, मुक्त फॉन्ट लावला, जोडाक्षरं सरळ झाली. अक्षराची उंची २६ ठिपक्यांच्या खाली नेऊ नका. ज्येष्ठ सभासदांना वाचता येत नाही.

चित्र छापायला मजकुरापेक्षा वेळ लागतो. एरवी कळत नाही, पण पगारानंतरच्या पहिल्या शनिवारी रांग दारापर्यंत गेली आणि ताईंनी स्वतःच बटण बंद करून टाकलं. बरोबरच केलं. आता दर बिलाला चिठ्ठी नाही. महिन्यातून एकदा, आदल्या रात्री छापून क्रमांकवार लावून ठेवलेली.

१८ ऑगस्ट २०२४

जुलैच्या चिठ्ठ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक काकू चिठ्ठी घेऊन हजर. “अहो, आम्ही तीन माणसं, आणि तुम्ही लिहिता माणशी दीड किलो तेल! नणंदेची चार माणसं आठ दिवस होती, ती कोण मोजणार?” दुसरे एक निवृत्त गृहस्थ : त्यांच्या चिठ्ठीवर साखर शून्य. ते खुशीत, पण साखर ते कट्ट्याने मार्केट यार्डातून आणतात. म्हणजे ज्याला शाबासकी द्यायची नाही त्याला मिळाली आणि जिने पाहुणचार केला तिला दटावणी.

भांडाराला घराचा सगळा व्यवहार दिसत नाही. भाजी मंडईतून, दूध रतिबाचं, चिकन-मासे आणखी कुठून. यावर तोड नाही. दोन बदल केले. पहिला : चिठ्ठीच्या वरच्या ओळीत ‘फक्त भांडारातली खरेदी’ ठळक. दुसरा : एका महिन्याऐवजी तीन महिन्यांची सरासरी, आणि शेजारी त्याआधीच्या तीन महिन्यांची. शिफारशीचा आकडा खाली बारीक. माणूस स्वतःच्या मागच्या आकड्याशी भांडत नाही. सरकारी आकड्याशी लगेच भांडतो.

‘जास्त’, ‘धोका’, लाल रंग, उद्गारचिन्ह हे सगळं काढलं. थर्मलवर लाल रंग येतही नाही, पण आम्ही चौकट टाकली होती, ती काढली.

२२ सप्टेंबर २०२४

पर्यावरणाची ओळ. यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात थोडं उरलं.

आधी कार्बन. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांचा २०१८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे, ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवर केलेला. त्याप्रमाणे किलोभर तांदळामागे साधारण चार किलो कार्बन डायऑक्साइडइतका हरितगृह वायू, गव्हामागे दीड. भाताच्या खाचरात पाणी साचून मिथेन निघतो म्हणून ही तफावत. गणित मांडल्यावर आमच्या यादीत सर्वांत ‘वाईट’ निघाली ती मूळची कोकणातली कुटुंबं, दोन्ही वेळा भात खाणारी. मांस-मासे आमच्याकडे विकलेच जात नाहीत. त्यामुळे रोज चिकन आणणारं घर स्वच्छ आणि भात-आमटी खाणारं घर दोषी. असली ओळ छापायला मन धजलं नाही. शिवाय जगाची सरासरी जावळीतल्या वाफ्याला कितपत लागू, हा प्रश्न आहेच.

मग पाणी. जागतिक सरासरीत किलोभर तांदळाला अडीच हजार लिटर, साखरेला अठराशेच्या आसपास, आणि डाळी-कडधान्यं त्याहून वर! आकडा खोटा नाही. पण त्यात पावसाचं पाणी आणि कालव्याचं पाणी एकत्र केलेलं असतं. तूर बहुतेक ठिकाणी पावसावर येते. ऊस येतो धरणाच्या आणि विहिरीच्या पाण्यावर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा त्या भागात ऊस उभा होता. दोन्हींना एकाच लिटरात मोजून ‘डाळ कमी खा’ अशी चिठ्ठी निघाली तर पोषणाचाही बोऱ्या वाजेल. ती ओळही रद्द.

पामतेलाचा विचार केला. बिस्किटं, फरसाण, स्वस्त तळणीचं तेल यांत पामोलीन असतं, बहुतेक इंडोनेशिया-मलेशियातून आलेलं, आणि तिथल्या जंगलतोडीशी त्याचा संबंध जगजाहीर आहे. पण एकरी तेल सर्वांत जास्त देणारं पीकही तेच, आणि शेंगदाणा तेलाचा भाव पाहता कमी पगाराच्या सभासदाला ‘हे घेऊ नका’ सांगणारे आम्ही कोण? एकूण तेलच कमी झालं तर तब्येत, खिसा आणि जंगल तिन्हींचं भागतं, आणि ती ओळ चिठ्ठीवर आधीच आहे.

शेवटी उरली प्लास्टिकच्या पाकिटांची मोजणी. याला कुठलंच शास्त्र लागत नाही; बिलावरचे पॅकबंद नग मोजायचे. ‘या महिन्यात घरी आलेली प्लास्टिकची पाकिटं : ६४.’ तेल-साखरेवर मोजकेच बोलले होते, यावर सगळे बोलले. एका सभासदाने सांगितलं की त्याच्या मुलीने शॅम्पूच्या पुड्यांची माळ मोजून चिठ्ठी बरोबर आहे का ते पडताळलं. बरोबर होती.

थर्मल कागदाचा मुद्दा एका बाईंनी काढला. या कागदावर बिस्फेनॉल या रसायनाचा थर असतो आणि तो रद्दीत मिसळू नये म्हणतात. त्याच कागदावर पर्यावरणाची चिठ्ठी! उत्तर नव्हतं. ज्यांना चालेल त्यांना आता चित्रच व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. फायदा म्हणजे ते घरातल्या बाकीच्यांपर्यंतही पोचतं.

१३ ऑक्टोबर २०२४

पाकिटांचा आकडा पाहून काहींनी घरून डबे आणायला सुरुवात केली. लगेच वजनाचा घोळ. स्टीलचा डबा पाऊण किलोचा. आधी रिकामा डबा ठेवून काट्यावरचं टेअरचं, म्हणजे काटा शून्यावर आणणारं, बटण दाबायचं आणि मग माल भरायचा. गर्दीत बटण राहिलं तर गिऱ्हाईक डब्याचे पैसे भरतं. ताईंनी उपाय काढला : डब्याच्या बुडाला मार्करने वजन लिहून ठेवायचं. दर वेळी बटण दाबावंच लागतं, पण लिहिलेल्या आकड्यावरून चूक तिथल्या तिथे सापडते.

१७ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या महिन्याची चिठ्ठी काढायची नाही, हे आधीच ठरवायला हवं होतं. चकल्या-शंकरपाळे घशाखाली उतरतायत तोवर तेलाचा आकडा दारात. एका काकांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “सणासुदीला तरी सोडा की.” आता ऑक्टोबर-नोव्हेंबरची खरेदी वेगळी ठेवतो, तीन महिन्यांच्या सरासरीत धरत नाही.

संचालक मंडळाची बैठकही झाली. मुद्दा सरळ होता : तेल आणि साखर हीच आपली मोठी उलाढाल, आणि आपणच घेऊ नका सांगायचं? मी पंधरा मिनिटं आरोग्यावर बोललो, त्याने कुणी हललं नाही. व्यवस्थापकांनी दोन वाक्यांत काम केलं : “साखरेत आपल्याला किलोमागे सुटतं किती? शेंगदाणे, नाचणी, कडधान्यांत बघा.” दर शुक्रवारी दरवाज्याजवळच्या फळीवर ज्वारी, नाचणी, मटकी, हुलगे ठेवायचे ठरलं. साखर मागच्या भिंतीला गेली. खरं सांगायचं तर या जागाबदलाने जे झालं ते चिठ्ठीने झालं असतं का, याची मला शंका आहे.

२ फेब्रुवारी २०२५

मिठाची ओळ काढून टाकली. मिठाची किलोची पुडी चार माणसांत दीड-दोन महिने जाते, आकडा उड्या मारतो. आणि खरं मीठ पापड, लोणचं, फरसाण, पावातून येतं. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला ४०० ने भागलं की मिठाचे ग्रॅम मिळतात. पण गावातल्या फरसाणाच्या पुड्यांवर कित्येकदा सोडियम लिहिलेलंच नसतं, आणि नेमका तोच माल जास्त खपतो. त्याऐवजी ‘खारा माल : किती किलो’ एवढंच छापतो. ते वजन तरी खरं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारीत कमी सोडियमच्या मिठाची शिफारस केल्यावर दोघा-तिघांनी ते ठेवा म्हणून सांगितलं. ठेवलं. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याला ते चालत नाही. म्हणून फळीवर ‘किडनीचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारूनच’ अशी पाटी आहे आणि चिठ्ठीवर त्याचा उल्लेख मुद्दाम टाळलेला आहे. रक्तदाबावर सल्ला देणं हे किराणा भांडाराचं काम नव्हे.

२७ एप्रिल २०२५

वर्षाचं धान्य भरायचे दिवस. एका घरात तीन क्विंटल गहू, दुसरीकडे वाळवणासाठी साबुदाणा, पोह्याचे पापड, पापडखार, लोणच्यासाठी पाच किलो मीठ आणि मोहरीची डाळ. चिठ्ठीप्रमाणे ही घरं महिन्यात वर्षभराचं जेवली. नियम घातला : गहू, ज्वारी, तांदूळ एका बिलात वीस किलोंच्या वर असतील तर ते बारा महिन्यांत वाटायचे. लोणचं-पापडाच्या मिठाला असा नियम लावता येत नाही. मिठाची ओळ आधीच काढली होती, ते बरंच झालं.

८ जून २०२५

काय फरक पडला? ज्यांनी फॉर्म भरले त्यांच्यात साखर थोडी उतरली, तेल जवळजवळ तिथेच. पण फॉर्म भरणारे मुळातच काळजी घेणारे, आणि मागच्या भिंतीला गेलेली साखर त्यांच्यासाठीही लांबच. दोन्ही एकदम केल्याने श्रेय कुणाचं ते वेगळं काढता येत नाही. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी फळी आणि चिठ्ठी यांत निदान तीन महिन्यांचं अंतर ठेवावं.

खर्च : लेबलं भरणाऱ्या मुलांचे ६,०००, रोल आणि फॉर्मची छपाई मिळून १,८०० च्या आत, जुना लॅपटॉप भांडाराचाच. वेळेचा हिशेब मांडला तर सगळ्यात महाग मालाची यादी. ती रोज बिघडते. नवा माल आला की घाईत कुणीतरी ‘इतर’ गटात टाकतं. गेल्या महिन्यात सोयाबीनचं तेल पंधरा दिवस अगरबत्तीसोबत होतं. बिलिंगवाल्याला सांगून आता गट भरल्याशिवाय नवा माल नोंदवताच येत नाही अशी सोय करून घेतली आहे, आणि ‘इतर’ हा गट यादीतून काढला आहे. अगरबत्तीला स्वतःचा गट दिला.